सुंदराबाईची नवमी

निलेशने बायकोचा, ऋतिकाचा फोन फ्रिजवरून उचलला आणि पिठाच्या डब्यामागे सरकवला. स्वतःचा फोन त्याने सकाळपासून खिशातच ठेवला होता. तो मधूनच थरथरायचा, आणि प्रत्येक वेळी निलेश बाहेरच्या खोलीकडे बघायचा.

बाहेरच्या खोलीत त्याची आई, रुक्मिणीबाई, विळीवर लाल भोपळा चिरत बसली होती. ऐंशी उलटली तरी सणावाराची विळी तिने सुनेच्या हाती दिली नव्हती.

"रे निलेश," मान वर न करता ती म्हणाली, "ऋतिकाचो फोन खंय गेलो? तुमचे थंयचे सगळे फोटो माका अजून बघूक गावले नाय."

"चार्जिंगला लावलाय, आई."

"काल पण चार्जिंगकच होतो."

निलेशने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि बाहेर येऊन केळीची पानं पुसायला घेतली. ती ऋतिकाने आधीच पुसून ठेवली होती. आतून ती कढईवरून त्याच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात सहानुभूती फारशी नव्हती.

युरोपची सहल आटोपून दोघं शुक्रवारी वाकोल्याच्या घरी परतली होती. पिसाचा कललेला मनोरा, व्हेनिसची होडी, स्वित्झर्लंडचं बर्फ, हे सगळं आईने पाहिलं होतं आणि "बरां आसा" असा निकालही देऊन टाकला होता. दाखवायचा राहिला होता तो एकच फोटो. आईला सोडून तिच्या माहेरच्या अख्ख्या गोतावळ्याने तो पाहिला होता, आणि गोम तीच होती.

निलेश अंधेरीच्या एका विमा कंपनीत क्लेम तपासायचा, पण जीव रमायचा जुन्या लढायांत. कुठल्या किल्ल्यावर किती तोफा होत्या, कुठला सेनापती घोड्यावरून पडून मेला, असल्या गोष्टी तो सोसायटीच्या गेटवर उभा राहून लोकांना ऐकवायचा. लोकही सभ्य होते, भाजी आणायची राहिली आहे असं सांगून निघून जायचे. पण त्याच्या पोतडीतली सगळ्यात मोठी गोष्ट घरचीच होती. आईचे वडील, गुणाजी, दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर इटलीला गेले. आई तेव्हा आजीच्या पोटात होती. गुणाजी परत आले नाहीत.

'आले नाहीत' एवढंच त्या घरात म्हणायची रीत होती. 'गेले' असं कोणी म्हणत नसे. गुणाजी लढाईत पडल्याचा सांगावा सरकारकडून गावात आला, तेव्हा निलेशच्या आजीने, सुंदराबाईने, एकच प्रश्न विचारला, मेलेला कोणी बघितला? बघितला कोणीच नव्हता. मग तिने कुंकू पुसलं नाही. पेन्शनसाठी तालुक्याला जाऊन विधवा म्हणून अंगठा द्यावा लागला असता, तर ती गेली नाही. लोकांच्या शेतात लावणी करून तिने एकुलती लेक वाढवली, आणि निलेश शाळेत असताना, कपाळावर रुपयाएवढं कुंकू घेऊन ती गेली.

तेव्हापासून दर पितृपक्षात रुक्मिणीबाई आईची अविधवा नवमी करत आली होती. नवऱ्याच्या आधी, सवाष्णपणी गेलेल्या बाईच्या नावाने त्या दिवशी सवाष्णी जेवू घालतात. लेकीने आईची नवमी करायची नसते, पण भाऊ नव्हता म्हणून तिने ती केली. नवराही गेला की ही नवमी बंद करतात, अशीही एक चाल आहे. हिशेबाने गुणाजींनी आता शंभरी ओलांडलेली असायला हवी होती. हा हिशेब वाकोल्याच्या त्या घरात कोणी मांडला नव्हता.

गावाने मात्र तो केव्हाच मांडला होता. भावकीतल्याच सावंतांच्या घरी हळदीकुंकवाला करंडा रांगेने फिरायचा, आणि सुंदराबाईपाशी आला की सावंतांची थोरली बाई तिला ओलांडून पुढच्या बाईकडे जायची. लहानगी रुक्मिणी शेजारी बसून ते बघायची. हे तिने निलेशला एकदाच सांगितलं होतं, वाटाणे निवडता निवडता, बाजारभाव सांगावा तसं. निलेशने तीही इतिहासातली एक गंमत म्हणून डोक्यात ठेवून दिली होती. आता ती आठवली की त्याला स्वतःच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटायची.

झालं होतं असं. युद्धात पडलेल्या सैनिकांची नावं शोधता येतात अशी एक वेबसाइट निलेशला सहलीच्या आधी सापडली. गुणाजी नावाचे तिथे तिघं होते, पण एकाच्याच पुढे आईचं गाव होतं आणि 'सुंदराबाईचा नवरा' असंही लिहिलं होतं. त्याने घरी अवाक्षर काढलं नाही. बोलोन्यात टूरवाल्यांनी एक दुपार खरेदीसाठी मोकळी सोडली, तेव्हा बाकीची मंडळी चामड्याच्या पर्सांकडे वळली आणि निलेश स्टेशनकडे. ऋतिकाला त्याने सांगितलं, "एक जुनं चर्च बघून येतो." तिने बरं म्हटलं. चर्चचा तिला वीट आला होता.

तासाभरावरच्या एका गावात उतरून, हातवारे करून त्याने टॅक्सी मिळवली. गावाबाहेर नीट छाटलेल्या हिरवळीत हिंदुस्थानी सैनिकांचं स्मारक होतं. ज्यांना पुरलं त्यांच्या कबरींवर पांढरे दगड होते. ज्यांचं दहन झालं त्यांना कबर नव्हती, त्यांची नावं दगडावर रांगेने कोरलेली होती. त्या रांगांवरून बोट फिरवता फिरवता निलेशला आजोबा सापडले. सोबत दुसरं कोणी नव्हतं, तरी तो मोठ्याने "आहेत!" म्हणून ओरडला. मग त्याने नावाचा फोटो काढला, नावाबरोबर स्वतःचा काढला, आणि परतीच्या गाडीत बसल्या बसल्या आईच्या माहेरच्या ग्रुपवर टाकून दिला. खाली लिहिलं, 'सापडले! ऐंशी वर्षांनी आमचे आजोबा सापडले!'

अंगठे आले, जोडलेले हात आले, तिरंगे आले. निलेशची छाती फुगली. मग मुलुंडहून माधुरीचा फोन आला. माधुरी म्हणजे आईच्या चुलतभावाची सून, दरवर्षी नवमीला जेवायला येणाऱ्या सवाष्णींपैकी एक.

"दादा, भारी काम केलंस यार," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण मग सोमवारची नवमी... म्हणजे मी येऊ ना? आत्या करणार ना नवमी?"

गाडी एका स्टेशनात शिरत होती. निलेशला आधी कळलंच नाही, आणि मग एकदम कळलं. आईच्या आईने जन्मभर जे कपाळावर धरून ठेवलं होतं, ते त्याने एका दुपारी, दोन बोटांनी पुसून सगळ्या गावाला दाखवलं होतं.

"वाट लावलीस तू," रात्री हॉटेलवर ऋतिका म्हणाली. "आणि म्हणे जुनं चर्च."

त्याने फोटो ग्रुपवरून काढून टाकला. पण तोवर तो ज्याच्या त्याच्या फोनमध्ये जाऊन बसला होता. मग निलेशने एकेकाला फोन लावले. आईला सांगू नका, निदान नवमी होईपर्यंत तरी. सगळ्यांनी कबूल केलं. घाटकोपरचे एक मामा म्हणाले, "अरे, पण मी तो स्टेटसला ठेवलाय!" त्यांना तो काढायला शिकवण्यात अर्धा तास गेला. आईचा फोन बटणांचा, एवढंच त्याचं नशीब.

फक्त एका माणसाला फोन करायची त्याची छाती झाली नव्हती. बोरीवलीच्या द्रौपदीकाकी. सावंतांच्या घरातली सून, करंडा ओलांडून नेणाऱ्या त्याच थोरल्या बाईची. त्यांच्या नावापुढे फोटो पाहिल्याच्या दोन निळ्या खुणा तेवढ्या उमटल्या होत्या. अंगठा नाही, जोडलेले हात नाहीत, शब्द नाही.

आई दरवर्षी द्रौपदीकाकीला नवमीचं आमंत्रण करायची. दरवर्षी काकीचा गुडघा दुखायचा, नाहीतर पाहुणे यायचे. आईही हट्टाने पुढच्या वर्षी पुन्हा फोन करायची. काल संध्याकाळी मात्र काकीचाच फोन आला.

"द्रौपदी उद्या येतासा म्हणता," फोन ठेवून आई म्हणाली होती.

"कोण द्रौपदी?" निलेशने विचारलं. माहीत असून विचारलं.

"सावंतांची. दुसरी कोण?" आणि आई बराच वेळ त्या फोनकडे बघत बसली होती.

निलेशचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. त्या घराचं म्हणणं खरं होतं, हे आता दगडात कोरलेलं निघालं होतं. चाळीस वर्षं जी बाई आली नाही, ती आज कशाला येतेय? एक वाक्य बोलायला. आईच्या उंबऱ्यात उभं राहून, पानावर बसून, चार बायकांच्या देखत. 'आमच्या सासूबाय सांगी होते ता खरां निघाला गो.' एवढं म्हटलं की झालं.

"मी काकींना स्टेशनवरून घेऊन येतो," त्याने आत जाऊन ऋतिकाला हळूच सांगितलं. "रिक्षात बोलून बघतो."

"बघ," ऋतिका वडा तेलात सोडत म्हणाली. "पण शिकवायला जाऊ नकोस त्यांना. त्या कोणाच्या बापाचं ऐकत नाहीत."

सांताक्रूझ स्टेशनच्या पूर्वेला द्रौपदीकाकी एका फळवाल्याच्या छत्रीखाली उभ्या होत्या. सत्तरीच्या, ठेंगण्या, हिरवी साडी, हातात मोठी कापडी पिशवी. निलेशने पिशवी घ्यायला हात पुढे केला. त्यांनी दिली नाही.

रिक्षा वाकोल्याच्या पुलाकडे वळेपर्यंत निलेश शब्द जुळवत होता.

"काकी, तो फोटो..."

"तूच काढलंस?"

"हो."

"बरो इलो हा." काकी रस्त्याकडे बघत होत्या. "नाव सपष्ट दिसता."

निलेश पुढे सरकून बसला. "काकी, आईला माहीत नाही अजून. आज आजीचा दिवस आहे. मी नंतर सांगीन तिला, माझं मी सांगीन. तुम्ही आज तेवढं..."

"माका काय कळणा नाय?" काकी एकदम त्याच्याकडे वळल्या. "मिशी पांढरी झाली तुजी, आणि माका बोलूक शिकवतंस?"

"तसं नाही, काकी."

"मगे गप बस."

त्यांनी कबूल काहीच केलं नव्हतं, हे रिक्षातून उतरताना त्याच्या लक्षात आलं. पण तोपर्यंत काकी जिन्याच्या चार पायऱ्या चढूनही गेल्या होत्या.

दारात आई उभी होती.

"इलंस?" आई म्हणाली.

"इलंय."

"गुडघो कसो आसा?"

"दुखता."

एवढंच झालं. आई बाजूला सरली आणि काकी आत आल्या.

माधुरी आधीच आली होती. वरच्या मजल्यावरची शेजारीण क्षमा दर वर्षीप्रमाणे पाटावर बसली होती. तिला या प्रकरणातलं काही ठाऊक नव्हतं, म्हणून त्या खोलीत मोकळेपणाने हसत होती ती एकटीच. आई स्वतः विधवा, म्हणून कुंकवाचं सगळं ऋतिका करायची. तिने तिघींचे पाय धुतले, हळदकुंकू लावलं, पानं वाढली. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, भोपळ्याची भाजी, खीर. भिंतीवर सुंदराबाईचा फोटो होता, कुडाळच्या स्टुडिओत काढलेला. त्याला झेंडूचा हार घातला होता. फोटोतलं कुंकूही काळं आणि मोठं दिसत होतं.

निलेश वाढपाला उभा राहिला. त्याचं लक्ष पानांवर नव्हतं, द्रौपदीकाकींच्या तोंडावर होतं. त्या घास घेत होत्या तोवर ठीक, घास गिळून जरा थांबल्या की त्याच्या हातातला डाव थांबायचा.

"मग निलेशदादा," क्षमा म्हणाली, "युरोप काय म्हणतं? पिझ्झा-बिझ्झा खाल्लात की टूरवाल्यांचं पोहे-उपीटच?"

"पोहेच," निलेश म्हणाला.

"काय बघितलंत सगळ्यात भारी?"

कुठलंही नाव चाललं असतं. पण निलेशला एक आठवेना. आणि त्याच्या मदतीला माधुरी धावून आली, हेच त्याचं दुर्दैव.

"इटली," ती म्हणाली, "म्हणजे इटलीत ना ते..." आणि आपण काय बोलतोय ते कळून तिने वड्याचा घास तोंडात कोंबला. आईने वर पाहिलं.

"इटलीत काय?" आई म्हणाली.

"वाढ गो ऋतिका, खीर वाढ," द्रौपदीकाकी मोठ्याने म्हणाल्या. मग माधुरीकडे वळून, "आणि तू जेव मुकाट्यान. सवाष्णीन पानार बसान बडबड करूची नसता. तुका कोणी शिकवूक नाय?"

माधुरीने मान खाली घातली. ऋतिकाने खीर वाढली. निलेशचा जीव काही भांड्यात पडला नाही. उलट आता तो जास्तच घाबरला. माधुरीच्या तोंडून निसटलेलं काकींनी अडवलं होतं. कदाचित ते स्वतःच बोलता यावं म्हणूनही असेल.

जेवणं झाली. ऋतिकाने ओट्या भरल्या, तांदूळ, नारळ, खण. माधुरी आणि क्षमा उठल्या. द्रौपदीकाकी मात्र बसून राहिल्या. मग भिंतीला हात टेकून, गुडघा सावरत त्या उठल्या आणि ऋतिकासमोर हात पुढे केला.

"करंडो दी."

ऋतिकाने निलेशकडे पाहिलं. मग तिने करंडा दिला.

काकी भिंतीपाशी गेल्या. फोटो उंचावर होता, तर त्यांनी पाट ओढला, आणि निलेश धरायला पुढे होईपर्यंत त्या पाटावर चढल्याही. करंगळीशेजारच्या बोटाने त्यांनी सुंदराबाईच्या काचेवरच्या कपाळाला आधी हळद लावली, मग कुंकू. पाट डगमगला म्हणून कुंकू थोडं नाकावर सांडलं. खाली उतरून त्यांनी आपली कापडी पिशवी उघडली. आत हिरवी साडी होती, खण होता, नारळ होता, घरून निवडून आणलेले तांदूळ होते. तेवढी ओटी त्यांनी फोटोखाली पाटावर मांडली आणि वाकून नमस्कार केला. गुडघ्यामुळे पुरतं वाकता येईना, तरी वाकल्या.

"काकी, उशीर झालो," त्या फोटोकडे बघून म्हणाल्या. "राग धरू नका."

निलेशला भरून आलं आणि त्याच वेळी स्वतःची लाज वाटली. तीन दिवस ज्या जिभेला तो घाबरत होता, ती जीभ हे एवढं बोलली होती. त्याने आईकडे पाहिलं. आई खुर्चीत ताठ बसली होती, दोन्ही हात मांडीवर. तिच्या चेहऱ्यावर त्याला आनंद दिसेल असं वाटलं होतं. तिथे आनंदासारखं काहीतरी होतं, पण तेवढंच नव्हतं.

"द्रौपदी," आई म्हणाली, "चार वडे बांधून घेवन जा. घोव खातलो."

"दी," काकी म्हणाल्या.

निलेश त्यांना रिक्षात बसवून आला. वाटेत त्याला पाया पडावंसं वाटत होतं, पण काकींचा चेहरा बघून धीर झाला नाही. रिक्षा सुटताना त्या एवढंच म्हणाल्या, "आवशीक जप."

तो वर आला तेव्हा माधुरी आणि क्षमा गेल्या होत्या. ऋतिका आत भांडी घासत होती. आई फोटोखाली, त्या ओटीशेजारी जमिनीवर बसली होती. निलेशला कित्येक दिवसांत पहिल्यांदा हलकं वाटत होतं. निभावलं. नवमी पार पडली, कोणी काही बोललं नाही, आणि वर हे अघटित घडलं. आता आईला कधीच काही सांगायची गरज नाही, असं त्याने जिन्यातच ठरवून टाकलं होतं.

"बघितलंस ना आई," तो तिच्याजवळ बसत म्हणाला. "शेवटी त्या घराने मानलं."

आईने मान हलवली, पण ती होकाराची नव्हती.

"त्या घरातली माणसां मी जन्मापासून वळाखतंय," ती म्हणाली. "हरान वाकणारी नाय ती. द्रौपदी जिंकान वाकली."

निलेशचा हात खिशातल्या फोनवर गेला.

"थोर मन लागता तेका," आई साडीचा काठ सरळ करत म्हणाली. "तिच्या सासवेक जमला नसता." मग तिने त्याच्याकडे पाहिलं. "तू थंय गेल्लंस मा? माज्या बापाशीकडे?"

खोटं बोलायला निलेशकडे तीन दिवसांची तयारी होती. त्यातलं काही त्याला सुचलं नाही.

"गेलो होतो," तो म्हणाला.

"दाखव."

त्याने खिशातून फोन काढला आणि फोटो उघडून तिच्या हातात दिला. आईला इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्याने नावावर बोट ठेवलं, तसं तिने त्याचं बोट बाजूला करून स्वतःचं ठेवलं. स्पर्शाने फोटो मोठा झाला आणि पडद्यावर नुसता दगड उरला. ती दगडाकडेच बघत राहिली. तिने आपल्या बापाला कधी पाहिलं नव्हतं, फोटोतसुद्धा नाही.

"पुरलो तेका?"

"नाही. अग्नी दिला. ज्यांना अग्नी दिला त्यांचीच नावं आहेत इथे."

"कोणी दिल्यान?"

"पलटणीतल्या लोकांनी दिला असणार. आपलेच लोक होते, आई. मराठेच."

आत नळ चालू होता, तो बंद झाला. ऋतिका ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

"पाणी दिलंस तेका?" आईने विचारलं.

निलेशला ती दुपार आठवली. ऊन होतं. स्वतःचे फोटो काढून झाल्यावर तो तिथल्या पायरीवर बसला होता, बॅगेतली बाटली काढून सगळी प्यायला होता, आणि गाडीची वेळ बघितली होती. शेवटचा घोट कोमट लागला म्हणून त्याने तो हिरवळीवर थुंकला होता.

"नाही," तो म्हणाला. "सुचलंच नाही, आई."

आपल्याला आता काय ऐकावं लागणार, म्हणून तो खाली मान घालून बसला. आई रागावली नाही. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि टाचा उंचावून काचेवरून सुंदराबाईच्या नाकावर सांडलेलं कुंकू टिपून घेतलं. कपाळावरच्याला तिने हात लावला नाही.

"मग आजीची नवमी?" निलेशने भीत भीत विचारलं. "पुढच्या वर्षीपासून..."

"पुढच्या वर्षी काय? नवमी ती नवमीकच." तिने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. "मरण तेका इला. हिच्याकडे खंय इला?"

ऋतिकाने डोळ्यांना पदर लावला. आईचं बोलणं संपलं नव्हतं.

"येत्या सोमवारी घटस्थापना," ती म्हणाली. "त्या दिवशी आजेपाडवो असता. लेकीच्या झिलान आपल्या आजोबाक पाणी दिवचा असता. सगळ्यांचे नातू बसतत. तुका मी कधी बसवूक नाय."

"हो, आई."

"हापिसात रजा सांग त्या दिवसाची. आताच सांग, मागीर इसरतलंस."